पहिलं पिस्तूल घेताना: खान्देशातल्या नव्या नेमबाजासाठी

एक लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ भरा. ती एका हातात धरून हात समोर सरळ ताणा, दुसरा हात खिशात घाला आणि दहा सेकंद थांबा. हात खाली घ्या, थोडा दम खा, पुन्हा वर न्या. असं साठ वेळा करायचं. दहा मीटर एअर पिस्तूलच्या सामन्यात शरीराला पडणारं काम साधारण एवढंच असतं: किलोभर वजनाचं पिस्तूल, एक हात, साठ शॉट, सव्वा तास. खरेदीला निघण्याआधी ही बाटली आठवडाभर रोज उचला. पंधराव्या-विसाव्या वेळेला खांदा बोलायला लागतो. तुम्हाला किती वजनाचं पिस्तूल झेपेल, हे तिथंच कळतं आणि पैसा एकही लागत नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य घेतलं, सरबज्योत सिंगसोबत मिश्र सांघिकमध्ये दुसरं घेतलं. पाठोपाठ आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवलं. तेव्हापासून पाचोरा, अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठून कुठून मुलं आणि त्यांचे वडील विचारायला येतात. प्रश्न एकच असतो: "दादा, कोणतं पिस्तूल घेऊ? जास्त बजेट नाही." माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण मी म्हणतो, पहिले तीन महिने काहीच घेऊ नका. तरीही मी तेच सांगणार. त्या तीन महिन्यांत काय करायचं आणि नंतर काय बघून पैसे मोजायचे, ते खाली सविस्तर लिहितो.

पहिली पायरी: कायदा समजून घ्या

4.5 मिलिमीटर, म्हणजे 0.177 इंचापर्यंतची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या हवेच्या पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल जेमतेम पाच-सहा ज्यूलचं असतं, म्हणजे ते या मर्यादेत आरामात बसतं. दुकानदार तुमचं ओळखपत्र मागेल, नोंद ठेवेल. ते देऊन पक्कं बिल घ्या आणि बिलाची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीत कायमची ठेवा.

काडतुसाचं पिस्तूल, अगदी पॉइंट टू-टूचं, म्हणजे 0.22 इंच नळीचंसुद्धा, परवान्याशिवाय ठेवता येत नाही. त्यासाठी वय 21 पूर्ण असावं लागतं, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, पोलीस पडताळणी होते. नवख्याचा हा रस्ताच नाही. दोन-तीन वर्षं हवेच्या पिस्तुलावर हात बसला, स्पर्धांची प्रमाणपत्रं जमली, की काडतुसाच्या पिस्तुलाने खेळल्या जाणाऱ्या 25 मीटरच्या प्रकाराचा विचार करावा. काही जण म्हणतात, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट थ्री-टूचं रिव्हॉल्व्हर घेऊ, सरावही होईल आणि घरात संरक्षणही. ते स्वसंरक्षणासाठी बनलेलं आखूड नळीचं हत्यार आहे, त्याने टार्गेटचा खेळ होत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण आपण सातपुड्याच्या पायथ्याला राहतो. चोपडा-शिरपूरच्या बाजूला सीमेवर पकडलेल्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपण सतत वाचतो. "स्वस्तात मिळतंय, शेतात दोन बार टाकून बघू," असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. परवान्याविना अग्निशस्त्र बाळगलं तर किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. शिवाय तसली नळी हातातच फुटू शकते. खेळाडू म्हणून तुमचं नाव सुरू होण्याआधीच संपेल.

दुसरी पायरी: दुसऱ्याच्या पिस्तुलावर शिका

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, ज्या जिल्ह्यात असाल तिथल्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि जवळची एअर पिस्तूल रेंज कुठं चालते ते विचारा. शालेय क्रीडा स्पर्धांत नेमबाजी आहे, त्यामुळे शाळेतल्या क्रीडा शिक्षकांनाही माहिती असते. मुलगा-मुलगी एनसीसीत असेल तर तिथंही धागा सापडतो. बहुतेक रेंजवर क्लबची पिस्तुलं असतात आणि महिन्याच्या फीमध्ये ती वापरायला मिळतात.

या तीन महिन्यांत तुमचं काम आहे ते वेगवेगळी पिस्तुलं हातात घेण्याचं. रेंजवरच्या सीनियरला नम्रपणे विचारा, "ताई, दोन मिनिटं धरून बघू का?" सहसा कुणी नाही म्हणत नाही, फक्त विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पिस्तुलाला हात लावू नका. आपल्या रेंजवर कोच आणि जुने खेळाडू कोणती कंपनी वापरतात तेही टिपून ठेवा. खान्देशात पिस्तूल बिघडलं की दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, आठवडेच्या आठवडे जातात. शेजारच्या लेनवर तुमच्यासारखंच पिस्तूल असेल तर सील, स्क्रू, पाना, सगळं रेंजवरच निघतं. कॅटलॉगमध्ये ही गोष्ट लिहिलेली नसते, पण ती नळीच्या लांबीपेक्षा महत्त्वाची आहे.

मी स्वतः हे न करता सुरुवात केली होती. एका दुकानातून फोटो बघून स्प्रिंगचं पिस्तूल मागवलं, स्वस्त होतं म्हणून. ट्रिगर इतका जड की दाबताना सगळं मनगट फिरायचं. आठ महिने मी त्या जड ट्रिगरशी झगडत राहिलो आणि ट्रिगरला हिसका द्यायची सवय लागली. पुढे चांगलं पिस्तूल हातात आल्यावर ती सवय मोडायला वर्ष गेलं. स्वस्त पिस्तुलाची खरी किंमत मला तेव्हा कळली, आणि म्हणूनच हे एवढं लांबण लावून लिहितोय.

तिसरी पायरी: हवा कुठून येणार ते ठरवा

खान्देशातल्या माणसाचा निर्णय इथं पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा वेगळा होतो, म्हणून इथं जरा थांबू.

छर्रा ढकलायला हवेचा दाब लागतो आणि तो चार तऱ्हांनी मिळतो. स्प्रिंगच्या पिस्तुलात नळी किंवा लिव्हर ओढून स्प्रिंग आवळतात. ते स्वस्त असतं, पण चाप दाबल्यावर आतला जड पिस्टन धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तूल हलतं. नवख्याला चूक आपली की पिस्तुलाची, हे समजत नाही. सगळी साधी स्प्रिंग पिस्तुलं मी या कारणाने बाजूला ठेवतो.

दुसरी तऱ्हा कार्बन डायऑक्साइडच्या कॅप्सूलची. या वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. जानेवारीच्या पहाटे एक दाब, एप्रिलच्या दुपारी भलताच. भुसावळचा पारा 45 च्या वर जातो तिथं हे पिस्तूल सकाळी एक नेम दाखवेल आणि दुपारी दुसरा. या गटात पोलादी गोळ्या उडवणारी, हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी पिस्तुलंही येतात. त्यांच्या नळीला आतून आटे नसतात, गोळी कडक पृष्ठभागावरून उलटी येते. टार्गेटसाठी ती घेऊच नका.

तिसरी तऱ्हा म्हणजे एका झटक्यात हवा दाबणारं पिस्तूल, इंग्रजीत ज्याला सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक म्हणतात. प्रत्येक शॉटआधी लिव्हर पूर्ण उघडून मिटायची, तेवढ्यात एका शॉटची हवा भरते. सिलिंडर नाही, पंप नाही, कॅप्सूल नाही. दाब दर वेळी सारखा आणि झटका जवळजवळ नाही. गामो कॉम्पॅक्ट, वाइहराउखचं एचडब्ल्यू 75, रशियन बायकालचं आयझेडएच-46एम ही या घराण्यातली नावं. तोटा एकच: साठ शॉट म्हणजे साठ वेळा लिव्हर, आणि लहान मुलांना ती जड जाते. लिव्हर मिटताना बोट मध्ये येणार नाही हे बघा आणि हवा भरून पिस्तूल तसंच ठेवून चहाला जाऊ नका. ते धोक्याचं तर आहेच, शिवाय सील ताणले जातात.

चौथी तऱ्हा आज सगळे मोठे खेळाडू वापरतात ती: नळीखाली 200 बारपर्यंत (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) भरलेला छोटा सिलिंडर. एकदा भरला की शंभराच्या वर शॉट निघतात आणि हाताला काही कष्ट नाहीत. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्डिनी या कंपन्यांची पिस्तुलं याच जातीची. नवं घ्यायचं तर लाखाच्या वरची गोष्ट आहे. हॅमर्लीचं एपी20 हे त्यातल्या त्यात खालच्या किमतीचं आणि सुरुवातीसाठी विचार करण्याजोगं.

प्रश्न येतो तो हवा भरण्याचा. तुमच्या रेंजवर मोठा सिलिंडर किंवा हाय-प्रेशर कॉम्प्रेसर असेल तर काही अडचण नाही. नसेल तर तीन टप्प्यांचा हातपंप घ्यावा लागतो, त्याचा खर्च पिस्तुलाच्या किमतीत धरा. पंप मारताना मध्ये मध्ये थांबून तो थंड होऊ द्या आणि पावसाळ्यात आत साठलेला ओलावा काढून टाका, नाहीतर सिलिंडरला आतून गंज धरतो.

"भाऊ, पंक्चरवाल्याकडून भरून आणू?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. तिथला कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो, त्याने काही होणार नाही. पण वेल्डिंगवाल्याच्या किंवा दवाखान्याच्या ऑक्सिजन सिलिंडरवरून भरायचा विचार मनातसुद्धा आणू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एखादा थेंब एकत्र आला की स्फोट होतो. पिस्तुलात फक्त हवाच भरायची. त्याच कारणाने सिलिंडरच्या आट्यांना शिलाई मशीनचं तेल लावू नका, कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच वापरा.

भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. आत 60 अंश झाले की 200 बारचे सव्वादोनशेच्या आसपास होतात. पेटी सोबत घेऊन उतरा.

म्हणून माझा सल्ला असा: रेंजवर हवेची सोय असेल तर पैसे साठवून चौथ्या तऱ्हेचं, गरज पडली तर वापरलेलं, पिस्तूल घ्या. सोय नसेल, घरीच सराव करायचा असेल, तर तिसऱ्या तऱ्हेचं चांगलं पिस्तूल घ्या आणि दोन वर्षं निवांत शिका. जिल्हा पातळीपर्यंत ते कुठंही कमी पडत नाही.

चौथी पायरी: हात आणि मूठ

आता दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी पिस्तूल हातात आलंय असं समजा. आधी ते रिकामं आहे याची खात्री स्वतः करा, समोरच्याने सांगितलं तरी. मग सुरक्षित भिंतीकडे तोंड करून उभे राहा. डोळे मिटा. पिस्तूल नेहमीसारखं वर न्या, हात सैल होऊ द्या, एक श्वास सोडा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकावरचा खुंट, म्हणजे फ्रंट साइट, मागच्या साइटच्या खाचेच्या बरोबर मधोमध दिसतेय का? दोन्ही बाजूंना सारखा उजेड आहे का? फ्रंट साइट डावीकडे किंवा उजवीकडे सरकली असेल, खाली बुडाली असेल, तर ती मूठ तुमच्या हाताची नाही. मनगट वळवून ती मध्ये आणता येईल, पण मग साठही शॉट तुम्ही मनगट वळवत बसाल. हे पाच वेळा करून बघा. पाचपैकी चार वेळा साइट आपोआप जागेवर आली, तर त्या पिस्तुलावर पुढचा विचार करा.

लाकडी मुठीला स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मापं असतात, डावखुऱ्यांची वेगळी असते. तळव्याखालची सरकती फळी हाताला नुसती टेकावी, आवळू नये. ती मनगटाला आधार देईल इतकी मागे जाता कामा नये, नियमात बसत नाही. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा आणि ते बोट लाकडाला कुठंही घासू नये. थोडाफार फरक असेल तर चिंता नको. लाकूड कानशीने घासून, कमी पडेल तिथं वुड पुट्टी भरून मूठ हाताजोगी करता येते, सगळेच करतात. दोन माप मोठी मूठ मात्र घासून लहान होत नाही, आणि मुलगा मोठा होईल या हिशोबाने बुटांसारखं मोठं माप घेऊ नका.

मग ट्रिगर. स्पर्धेत ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम लागतो. तपासायची सोपी रीत: किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन दोरीने बांधा, रिकामं पिस्तूल कॉक करून, म्हणजे ट्रिगर मारायच्या तयारीत आणून, नळी सरळ वर धरा, दोरी ट्रिगरवर अडकवा आणि वजन जमिनीवरून हळू उचला. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर ते पास. आता वजनं वाढवा. किलोभर अडकवूनही सुटत नसेल आणि दाब कमी करायचा स्क्रूच नसेल, तर ते टार्गेटचं पिस्तूल नाही. बोटाने दाबताना पहिला टप्पा मऊ जावा, मग एक स्पष्ट भिंत लागावी आणि तिथून पुढे काच तुटल्यासारखा तो सुटावा. खरखर लागली, दोन वेळा अडकला, तर सोडून द्या. ट्रिगरची खरखर दुरुस्त करून देणारं आपल्याकडे जवळ कुणी नाही.

स्पर्धेच्या पिस्तुलात छर्रा न घालता नुसता ट्रिगर मारायची सोय असते. ती असलेलंच घ्या. घरी भिंतीसमोर रोज अर्धा तास असा कोरडा सराव केला तर छर्रे न खर्चता हात बसतो. साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलात असं केलं तर आतला पिस्टन आपटून खराब होतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुरेख असतो, पण पहिलं पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचंच असू द्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीच्या मध्यातच मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाची मिनिटं गेली. जगातल्या उत्तम खेळाडूवर ही वेळ येते, तर दुरुस्तीवाला चारशे किलोमीटरवर असलेल्या आपण साधं यंत्र घेणंच बरं.

पाचवी पायरी: वापरलेलं घेताना

बजेट कमी असेल तर वापरलेलं चांगलं पिस्तूल नव्या सुमार पिस्तुलापेक्षा केव्हाही सरस. दहावी-बारावीला खेळ सोडणारी मुलं खूप असतात, त्यांची पिस्तुलं नवीच्या नवी असतात. पण सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्याची मुदत जास्तीत जास्त 10 वर्षं असते, मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो भरणंही धोक्याचं. दोन वर्षं उरली असतील तर नव्या सिलिंडरची किंमत भावातून वजा करा. सिलिंडर भरून दाब दाखवणाऱ्या गेजचा आकडा फोटोत घ्या, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. आकडा खाली आला असेल तर सील गळतोय.

मग टेबलावर पोतं ठेवून, त्यावर हात टेकवून दहा मीटरवरून एकाच कार्डावर, म्हणजे टार्गेटच्या कागदावर, दहा शॉट मारा. मधलं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं. टेकून मारलेले दहाही शॉट साधारण तेवढ्या भोकात यायला हवेत. विखुरले तर वेगळ्या कंपनीचे छर्रे घालून पुन्हा बघा, लगेच पिस्तुलाला दोष देऊ नका. मूळ बिल आणि विकल्याची सहीची चिठ्ठी दोन्ही घ्या.

सहावी पायरी: पैशाची वाटणी

हातात जितके पैसे असतील त्यातले साठ टक्केच पिस्तुलाला द्या. रोज सरावाचे साठ आणि त्याआधी हात मोकळा करायचे वीस असे ऐंशी छर्रे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे महिन्याला सोळा-सतराशे. पाचशेचा डबा धरला तर तीन-साडेतीन डबे. वर्षाचा हिशोब मांडला की लक्षात येतं, छर्रे आणि रेंजची फी हाच खरा खर्च आहे. पिस्तुलात सगळे पैसे घालून छर्रे मोजून मारणारी मुलं मी बघितली आहेत, त्यांची प्रगती होत नाही.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्या, कार्डावर त्यांनी गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजायला वाद होत नाही. आरडब्ल्यूएस, एच अँड एन यांचे सरावाचे स्वस्त डबे असतात आणि सामन्याचे महाग. सरावाला स्वस्त वापरा. उरलेल्या पैशातून डोळ्यांचा चष्मा, कुलूप लागणारी पेटी आणि सपाट, कडक तळाचे बूट घ्या.

सातवी पायरी: घरची रेंज

दहा मीटरची सरळ जागा आपल्याकडे निघते. यावल-रावेरकडे केळीची पॅकिंग शेड, इतर ठिकाणी कापसाचं रिकामं गोडाऊन, जुन्या घराची लांब ओसरी. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर ठेवा. मागे तिरक्या लोखंडी पत्र्याची, आत जुन्या चिंध्या भरलेली पेटी आणि तिच्यामागे पक्की भिंत. टार्गेटच्या बाजूला दार किंवा खिडकी असेल तर सराव चालू असताना ती आतून कडीबंद. घरातल्या लहानग्यांना ही वेळ माहीत असावी आणि पिस्तूल पेटीबाहेर असेपर्यंत तिथं मोठं माणूस असावं.

छर्रे शिशाचे असतात. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय शेव-मुरमुऱ्याच्या ताटलीला हात लावायचा नाही.

शेतावर पिस्तूल नेलं की कुणीतरी म्हणतंच, "दादर ज्वारीवर पोपट उतरलेत, एक मारून दाखव." नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा हवेच्या पिस्तुलालाही लागू आहे. एसटीने रेंजवर जाताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, छर्रे वेगळ्या पिशवीत, बिल आणि क्लबचं ओळखपत्र खिशात. शेजारच्या आजोबांनी "हाई कितलाले लिनं रे भाऊ?" असं, म्हणजे केवढ्याला घेतलं म्हणून, विचारलं तरी बसमध्ये पेटी उघडून दाखवू नका. लांबून बघणाऱ्याला ते खरंच वाटतं.

पिस्तूल घरी आल्यावरचा पहिला आठवडा

काळ्या वर्तुळाचं कार्ड लावू नका. कार्ड उलटं करून कोरी पांढरी बाजू पुढे घ्या आणि तिच्या मधोमध मारा. नेम धरायला काहीच नसल्यामुळे नजर आपोआप फ्रंट साइटवर राहते, आणि पिस्तूल नेमबाजीत नजर तिथंच हवी. भोकं मोजू नका, ती एकमेकांच्या जवळ येतात का एवढंच बघा. दिवसाला तीस शॉट पुरेत. प्रत्येक कार्डामागे तारीख आणि छर्ऱ्याच्या डब्याचं नाव लिहून ठेवा. सातव्या दिवशी सातही कार्डं एकावर एक ठेवून उजेडात धरा. भोकांचा पुंजका एका बाजूला सरकलेला दिसला तरी मागची साइट लगेच फिरवू नका. आधी ती कार्डं कोचला दाखवा, कारण पहिल्या आठवड्यातला पुंजका बहुतेक वेळा मुठीच्या पकडीने सरकलेला असतो.